प्लॉट सतरासमोरचं तळं

३ मार्च २०२५, सोमवार, सकाळी ९.४०
तळ्यात मातीचा पहिला टिपर रिकामा झाला. मंजूर लेआउटमध्ये हे तळं आणि काठची पुंगैची, म्हणजे करंजाची, झाडं मोकळी जागा म्हणून हिरवी रंगवली आहेत. त्या हिरव्यापायी मी पेन्शनीचा सगळा फंड ओतून तिरुवैयारु रोडला प्लॉट सतरावर घर बांधलं. बिल्डरचा साइट मॅनेजर विघ्नेश म्हणतो, मामी, पाणी नाही तर तळं कसलं? कालव्याला पाणी जूनमध्ये सुटतं, तेव्हा तळं भरतं, गाढवा. म्हटलं, तुझ्या डोक्यातही काही नाही, तरी त्याला डोकंच म्हणतात. आणि मी याची मामी कधी झाले?

५ मार्च
पंचायतीला सहा पानी पत्र. नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी. आठवड्यात माती उचलतील.

११ मार्च
माती वाढली. पंचायतीतली क्लार्क राजम म्हणाली, अर्ज तमिळमध्ये द्या अम्मा. तमिळ बोलून मी भाजीवाल्याला रडवते. लिहिता-वाचता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच घेतलं होतं. राजमला म्हटलं, चष्मा घरी राहिला.

१४ मार्च
विघ्नेश शरण आला. रहिवाशांचा अर्ज त्यानेच तमिळमध्ये टाइप करून आणला. माझ्या पत्राचा धसका! धाकटी बहीण कमलाक्षी म्हणाली, अक्का, आधी शेजारच्या वरुणरावांकडून वाचून घे. म्हटलं, तीस वर्षं हेडमिस्ट्रेस होते, मी माणसं वाचते. पहिली सही माझी, ठळक. ती बघून बाकी अकरा घरांनी न वाचता केल्या. नेतृत्व म्हणतात ते हेच.

२० मार्च
पाच दिवस टिपर नाही. जिंकले.

२७ मार्च
टिपर परतले, चार-चार. वरुणरावांनी पंचायतीत जाऊन अर्ज वाचला आणि मला शब्दन् शब्द सांगितला. तळ्यात डास होतात, ते बुजवून प्लॉट पाडावेत, मोकळी जागा मागे हायटेन्शन तारांखाली द्यावी, ही रहिवाशांची नम्र विनंती.   संध्याकाळी फाटकाशी उभी राहिले. कुणी वणक्कमसुद्धा केलं नाही.

२८ मार्च, सकाळी ८.१५
पुंगै पाडली. पंचायतीला नवं पत्र, एकच पान. सही माझी आहे, विनंती माझी नाही. बाकी अकरा जण निर्दोष आहेत. ७ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं, आणि ते इंग्रजीत हवं. का, तेही पत्रात लिहावं लागलं.