मंगळासाठी पेरलेली ज्वारी

बाबा, दूरच्या ताऱ्यांपाशी कुणी विचार करणारं राहतं का, हे ऐकायला माणसं अजून आकाशाकडे कान लावून बसली आहेत, असं आज पेपरात वाचलं आणि एकटीच हसत सुटले. आपण तर थेट निरोपच धाडला होता, तोही देवळीजवळच्या आपल्या कपाशीच्या वावरातून.

मी सातवीत होते. भाद्रपदात मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार म्हणून गुरुजी रंगात आले होते. तिथे शहाणी माणसं असली तर त्यांना आपली भाषा कळणार नाही, पण काटकोन त्रिकोण ओळखतील, म्हणाले. मी तुमच्या मागेच लागले, की कपाशीत ज्वारीचा मोठा त्रिकोण पेरू. मला पुढे वर्ध्याच्या हायस्कुलात घालायचं की नाही, हे तुम्ही गुरुजींच्या शब्दावर सोडलं होतं, आणि मला त्यांना थक्क करायचं होतं.

"काऊन वं, त्यायले ज्वारी पायजे काय?" तुम्ही विचारलंत, पण बियाणं दिलंत.

मी पाटीवरचं चित्र बघून खुंट्या ठोकल्या. तुम्ही म्हणालात, "कोपरा फाकला हाय." मला राग आला. "तुमाले काय समजते त्यातलं?" शाळेची पायरी न चढलेल्या बापाला मी असं बोलले. तुम्ही दोरी आणलीत. एका बाजूला तीन हात, दुसरीला चार, आणि तिरपी बरोब्बर पाच भरेपर्यंत खुंटी सरकवलीत. "गोठ्याचा पाया असाच धरतो. वाकड्या गोठ्यात बैलायले झोप नाई येत."

तिरप्या रेघेवर बैल काही चालेनात. मग ती ओळ आपण दोघांनी दिवसभर वाकून, एकेक दाणा मातीत खोचत, हाताने टोबली. "मंगळवाल्यायले सांगजो, हे रेघ बैलायची नाई, बापाची हाय," म्हणत तुम्ही हसत होतात. इतका आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही.

ज्वारी पुरुषभर झाली तेव्हा गावात बोभाटा झाला, की तुम्ही वावरात करणीचं यंत्र मांडलं. कुणीतरी कोपऱ्यावर हळदकुंकू वाहून लिंबू ठेवून गेलं. तुम्ही ते लिंबू घरी आणून वरणावर पिळलंत.

मग गुरुजी आले. मचाणावर चढून ते बघताहेत, खाली आपण दोघं उभे आहोत. "काटकोन कोणी काढला? अगदी चोख आहे." तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "मी."

"पोरीला वर्ध्याला पाठवा," गुरुजी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "धाडतो."

पुढे जन्मभर मी भूमिती शिकवली. मंगळावरून काही उत्तर आलं नाही. हे टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. त्या दिवशी घरी येताना तुम्ही मला पुन्हा विचारलंत, "कोनं काढला वं कोपरा?" तुम्ही हसू दाबत होतात, ते मला दिसलं होतं, बाबा. दिसलं, म्हणूनच मी दुसऱ्यांदाही म्हणाले, "मी."