डब्याचं झबलं

जागृती,

तुझा सासरा जासईला निघालाय, रुसून भावाकडे गेलेल्या तुझ्या सासूला आणायला. भात कुकरमध्ये आहे.

काल तू म्हणालीस, "आई मुद्दाम माझा कंप्युटर बंद करतात." ती म्हणाली, "मी हातपन नाय लावला!" दोघींचं खरं कसं, या कोड्यात हा म्हातारा सकाळपासून चक्रावलाय. त्याने वायरी काढून परत खोचल्या. कीबोर्ड उलटा आपटला, तर अख्ख्या घणसोलीला पुरेल एवढं फरसाण पडलं. तरी तेच. कंप्युटर चालू व्हायचा, पंखा असा घरघरायचा की वाटावं आता घर उडून बेलापूरला जाऊन बसतंय, आणि मग काळोख. घरात तर दुसरं कुणीच नाही!

शेवटी टेबलाखालच्या कंप्युटरच्या डब्यावरचं कापडी कव्हर उचललं. आत भाकरी भाजावी इतका ताव. बिचाऱ्याचा श्वासच कोंडला होता. तेव्हापासून कंप्युटर चालूच आहे, जाऊन बघ.

पण डब्याचं ते झबलं तुझ्या सासूने स्वतःच्या लुगड्याचं शिवलंय, धुळीने तुझं काम अडू नये म्हणून. तिला खरं सांगावं तर ती रडेल, न सांगावं तर कव्हर परत चढेल. जन्मभर थापा मारल्या, आज नेमकी एकही सुचेना.

तू फोन करून "आई, माझं चुकलं" एवढंच म्हण. कव्हराचं नाव काढू नकोस. नाक्यावर आलो की मिस्ड कॉल देईन. तेव्हा कंप्युटर बंद कर आणि डब्याला झबलं घाल.

बाबा