फेल्टखालचा मागचा कोपरा

हो, डोकं ठिकाणावर आहे. कारकूनभाऊ, तिसऱ्यांदा विचारलंत. चौथ्यांदा विचाराल तर तुमच्याच डोक्याचा दाखला मागेन. द्या तो कागद, मीच लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर तुमच्याहून बरं आहे.

मी, लाकडी पेट्यांना आतून फेल्टचं अस्तर लावणारी, सुतारांची विधवा, वय बहात्तर, कुणाच्या धाकाने नाही तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहिते. एका जागी बसवत नाही, मधेमधे उठते. अक्षर हललं तर त्याचा भलता अर्थ काढू नये.

एक. राहतं घर दोन्ही लेकरांचं, निम्मं-निम्मं. पुढची खोली थोरल्याला. चार लोकांनी बघितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. मागची, उन्हाची, धाकटीला.

दोन. फेल्टचे तागे, सरसाचं भांडं आणि दोन्ही कात्र्या सुनेला. सतरा वर्षांपूर्वी तिने माझ्या फेल्टच्या कात्रीने कागद कापला होता. माफ केलंय. विसरले नाही. आधी धार लावून घे गं.

तीन. निळ्या फेल्टची पेटी नणंदेला. मी नवी नवरी असताना ती पाहुण्यांत म्हणाली होती, हिला सरळ रेघ दिसत नाही. त्या पेटीतलं अस्तर मी मुद्दाम तिरकं लावलंय. वन्सं, जपून वापरा.

चार. वर्कशॉप. हे लिहायच्या आधी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. थोरल्याचं म्हणणं, हत्यारं त्याची, धाकटीने अस्तर लावावं. तिने करवत उचलली की तो ह्यांची शेवटची पेटी फळीवरून काढतो, गिऱ्हाइकांना दाखवतो तीच, आणि म्हणतो, "हा सांधा बघ. बाबांचा हात आहे हा. बाईमाणसाला जमेल का?" मागच्या महिन्यात तिने करवत खुंटीला अडकवली, ती अजून खाली काढलेली नाही. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही.

म्हणून वर्कशॉप, बाकडं, रंधे, पटाश्या, करवती, सगळं धाकटीला. थोरल्याला ती पेटी. अट एकच. मी गेल्यावर बहिणीसमोर पेटीचं फेल्ट उचलायचं, उजवीकडचा मागचा कोपरा. बाहेरून सांधा चोख आहे. आतून पटाशी निसटल्याची खाच दिसेल, भुसा आणि सरस कालवून बुजवलेली.

साक्षीदार: पेट्यांना बिजागऱ्या बसवणारा शेजारी (माझी छोटी पटाशी आधी परत कर, मग सही कर) आणि हे कारकूनभाऊ.
ठिकाण: फेल्ट कापायचं टेबल. तारीख: कारकूनभाऊ घालतील, मला आज सोमवार एवढंच माहीत.
सही.

सहीखाली काही लिहू नये म्हणतात. लिहिते, आणि परत सही करते.

शेवटची तीन वर्षं ह्यांचे हात थरथरत होते. एकही सांधा जुळत नव्हता. दुपारी हे आडवे झाले की मी तशीच दुसरी पेटी थोडी थोडी करायचे, फेल्ट लावून ह्यांच्या हातात द्यायचे. हे कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, हात अजून गेला नाही." मी हो म्हणायचे.

थोरल्या, तो सांधा माझा आहे. तुझ्या बाबांच्या हातच्या शेवटच्या अकरा पेट्या मी चुलीत घातल्या.

सही.