तीन नंबरची लाल रेघ

साहेब, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आलेख काढायला बसले की तुमचा आवाज अजून कानात येतो. शिरूरजवळच्या आपल्या कारखान्यात मी नवीनच लागले होते, तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं यायची. नव्या कॉम्प्युटरवर बाद मालाचा चार्ट काढून मी मोठ्या ऐटीत तुमच्यासमोर ठेवला. ढीगभर रंग, फुगीर खांब, खांबांना सावल्या. तुम्ही तो कँटीनच्या भिंतीवर चिकटवलात आणि चहा पिणाऱ्यांना विचारलंत, "काय कळतंय का रं?" सगळे हसले. मग मला म्हणालात, "पोरी, ही रांगोळी झाली. सांगायचंय ते एकाच रंगात उठून दिसू दे. आन् खांब शून्यापास्नं उभा कर, न्हाईतर चिमूटभर फरक डोंगराएवढा दिसतो." मी बाहेर जाऊन रडले होते.

दौंडला तुम्हाला शेवटचा निरोप देऊन आलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाद माल फार वाढला. मॅनेजरांच्या चार्टवर दुसऱ्या पाळीचा खांब उंचच उंच. त्या पाळीची कंत्राटी माणसं काढायचं जवळजवळ ठरलं होतं. मी पाहिलं, खांब शून्यापासून नव्हतेच. पाळ्यांमधला खरा फरक अगदी किरकोळ होता. मग तेच आकडे घेऊन मी पाळीऐवजी मशीनप्रमाणे रेघा काढल्या. सगळ्या करड्या, एक लाल.

मीटिंग चालू आहे, साहेब, आणि मी कागद टेबलावर पुढे सरकवते.

"ही लाल कुठली?" मॅनेजर विचारतात.

"तीन नंबर मशीन, सर. पहिल्या पाळीतही तीच वर जाते, दुसऱ्या पाळीतही तीच."

ते चष्मा काढतात, पुन्हा लावतात. "माणसं राहू द्या," म्हणतात, "आधी मशीन खोला."

खोललं तर माल घट्ट धरून ठेवणारी पकड पार झिजलेली. ती बदलली आणि लाल रेघ बाकीच्यांत येऊन बसली. एकाचीही नोकरी गेली नाही. दुसऱ्या पाळीनं मला पेढे दिले. एकजण म्हणाला, "मॅडम, चित्र काढून आमाला वाचवलंत की!" त्या दिवशी मी गेटातून अशी निघाले, जणू कारखाना माझाच.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. फक्त एक कबूल करते. हाताखालच्या पोरी आता चार्ट घेऊन येतात, तेव्हा पहिल्या नजरेतच आवडला, तरी मी उगाच कपाळाला आठ्या घालते. त्या घाबरतात. मला फार मजा येते.