तिसऱ्या मजल्यावरचं वाचनालय

प्रिय घाईबहाद्दर,

आराखडा काढणारे आणि बांधणारे एकाच कंपनीचे असतील, तर ‘थांबा’ कोणी म्हणायचं? मला अजून उत्तर येत नाही. परीक्षेत आला असता तर या प्रश्नावर मी पानभर लिहिलं असतं.

घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. ही नोकरी लागली तेव्हा आईने विचारलं होतं, तुम्ही इमारत काढणार की बांधणार? दोन्ही, मी ऐटीत म्हणाले. मग चुकलं तर ओरडायचं कोणाला, असं तिचं पुढचं. बाबा म्हणाले, हिलाच, एवढं शिकवलंय कशाला! सगळे पोट धरून हसलो.

तरी या पद्धतीवर माझा विश्वास आहे, तुला माहीत आहे. आधीच्या नोकरीत आम्ही ठेकेदाराच्या चुका काढायचो, तो आमच्या काढायचा, आणि अर्धवट इमारत आमची भांडणं बघत उभी असायची. इथे शाळेचा पाया भरला जात होता तेव्हा मी वरचे मजले काढत होते. तुझं-माझं टेबल एकच. डबा उघडता उघडता तू विचारायचास, काय टेबलवाली, जिना जरा सरकवू का? जेवण संपायच्या आत मी हिशेब करून सांगायचे. प्रेमात पडायला आपल्याला वेगळी सुट्टी काढावी लागली नाही.

वाचनालयही असंच हसतखेळत वर गेलं. मुख्याध्यापिकाबाईंना ते तळमजल्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावर हवं होतं, उजेड चांगला म्हणून. तोवर तिथल्या तुळया ओतून झाल्या होत्या, वर्गात बसणाऱ्या मुलांच्या वजनाच्या हिशेबाने. आपल्या साहेबांनी नकाशावर खोलीचं नाव तेवढं बदललं. गेल्या आठवड्यात मी भरलेल्या कपाटांचं वजन धरून पाहिलं. ते मुलांच्या दुपटीहून जास्त भरतं. साहेब म्हणाले, कपाटं भिंतीच्या कडेने ठेवायला सांगू. कोणी सांगितलं नाही. तू म्हणालास, अगं, घरातलं घरात मिटवू, आधी ताबा तर देऊ.

ताबा वेळेआधी गेला की पुढचा मोठा प्रकल्प तुझ्याकडे येणार, हे मला माहीत होतं. तो तुला मिळावा असं मलाही मनापासून वाटत होतं. तू बेफिकीर नाहीस. पण तो जुना भांडखोर ठेकेदार असता, तर त्याने पहिल्याच दिवशी आकाशपाताळ एक केलं असतं. आपलं इतकं छान जमायचं की तेवढं ओरडणारं कोणी उरलंच नाही.

साहेब तुला संध्याकाळी बोलावतील. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिते आहे. तुला आधी सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, आणि बहुधा मी थांबले असते. आज सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले, समोर बसले आणि सगळा हिशेब त्यांना समजावून सांगितला. तुळया मजबूत केल्याशिवाय त्या ताबा घेणार नाहीत. फाटकाशी आलेली कपाटांची गाडी त्यांनी माझ्यासमोरच परत पाठवली.

तुझीच,
तुला अजून तसं म्हणावंसं वाटलं तर