टोप्यांची डबी

कोपरगाव, मंगळवार, संध्याकाळ

मक्यातली डुकरं हुसकायला आप्पांनी ठासणीची बंदूक रोखली. बंदुकीचा घोडा दारू पेटवणाऱ्या टोपीवर पडला, पण बार उडाला नाही. अशा वेळी बार उशिरानंही उडतो, म्हणून नळी खाली करायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आज स्वतःच खाली घेतली आणि बार त्यांच्या पायाजवळ मातीत गेला.

"पाय हाय ना जाग्यावर? मग रडती कशाला? दुकानदारानं टोप्याच खराब दिल्यात. उद्या बघतो त्याला."

पण डबीचं झाकण पावसात मीच उघडं ठेवलं होतं. ओल्या टोप्या वाळवून चांगल्यांत मिसळल्या. टाकून का दिल्या नाहीत? आता ओळखणार कशा?

आप्पा जेवायला बसलेत. डबी घेऊन जाते. आधी सांगते, मग वाढते.