कणसांवरच्या पिशव्या

धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

चौदा जुलै, सकाळी साडेनऊ. मक्याचे पराग उडायची हीच वेळ, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या संशोधन केंद्राच्या नव्या संचालकाने कोवळ्या कणसांवरच्या कागदी पिशव्या काढायला लावल्या. पाहुण्यांसोबत फोटो काढायचा होता.

“बाई, आता कणसं कशी छान दिसतायत बघा,” मलाच म्हणाला.

जास्त प्रथिनांचे माझे चाळीस वाण त्या पिशव्यांमुळेच वेगळे राहिले होते. आता सगळ्यांत शेजारच्या परागांची भेसळ झाली. निवृत्तीनंतर ज्यासाठी मी इतक्या लांब येऊन राहिले, ते एका फोटोत गेले.

तब्येत उत्तम आहे. रागात असले की माझे गुडघे दुखत नाहीत.

या वाणांचे शुद्ध बियाणे आता फक्त मी निघताना तुझ्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यात उरले आहे. संचालक फोन करेल, गोड बोलेल. एक दाणाही देऊ नकोस. आधी त्याने त्याच पाहुण्यांना बोलावून, त्याच शेतात उभे राहून आपली चूक कबूल करायची. मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आहे.

तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? तिला फ्रिज आवरायची फार हौस, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

डबा उघडून, दाणे डोळ्यांनी पाहून, एकतीस जुलैच्या आत मला लेखी कळव. फोनवर तू न बघताच ‘हो’ म्हणतोस.

तुझी,
ताई